गोरक्षचं मशीन, पंकजचं खोकं

देवळाली प्रवरा,
७ फेब्रुवारी १९९९

पंकज,

जयभीम. मी ठनठनीत हाय. तू बी असशीलच, न्हाई तर खोकी पाठवायला उसंत कुठनं मिळाली असती.

परवा शेजारच्या कडूबाईचा आसाराम पुन्याहून आला आन दारात उभा राहून वरडला, "आजी, पंकजनं माधुरीसाठी दिलंय!" सगळ्या आळीनं ऐकलं. खोक्यावर तुझ्याच अक्षरात लिवलेलं, 'माधुरीस'. मी ते उघडू दिलं न्हाई. पोरगी म्हनली, "आजी, मोडेम हाय तो. साप न्हाई." मी म्हनलं, साप कुनाच्या सांगन्यावरनं येत न्हाई, हे खोकं आलंय. माझ्या लोखंडी पेटीत घातलं आन वर गोधड्या रचल्या.

आता मला सरळ सांग, का पाठवलंस?

तुझी आई जयमाला माझ्याच पोटची. तिच्या मनात काय शिजतं ते मला हितं बसून कळतं. दिवाळीला आल्ती तवा माधुरीच्या हातचा चहा पिऊन म्हनली, "मामाची पोरगी घरात आली म्हंजी घर कसं भरल्यावानी वाटतं." मी ऐकून न ऐकल्यावानी केलं. आन आता लगेच आत्याच्या घरनं मामाच्या पोरीच्या नावानं वस्तू येते! आपल्यात आत्याकडनं लुगडं आलं आन ते ठेवून घेतलं, की बोलनी झाली असं समजत्यात. तुझ्या डब्याला तारा असल्या म्हनून लोक त्याला लुगड्यापरीस येगळं मानत्याल व्हय?

मशीन लागतंय हे मला बी कळतं. तू तुझ्या मैतराच्या वळखीनं तिला पुन्याच्या त्या कंपनीचं टायपिंगचं काम लावून दिलंस. छापील कागदाचं पार्सल एस.टी.नं घरी येतं, पोरगी तिच्या कॉम्प्युटरवर टाईप करती, आन टाईप केलेलं फोनच्या तारंतनं धाडाया गोरक्षच्या दुकानात जाऊन बसती. त्या दुकानात फळ्या ठोकून खुराडी केल्यात आन खुराड्याला पडदे लावल्यात. तुझ्या मामाला, महेंद्राला, ते पटत न्हाई. सुप्याच्या नोकरीवरनं सुट्टीला आल्ता, तवा सांगून गेला, "घरात बसून हुत असंल तर करू दे. दुकानात बसायचं असंल तर काम सोड आन चल माझ्यासंगं सुप्याला. सोयरीक बघतो." पोरगी दोन दिवस धड जेवली न्हाई.

तवा मशीन पायजे. पन ते तुझंच का, आन न सांगता का, एवढं लिव.

हे पत्र मी माझ्या हातानं लिवलंय. तिसरीपतूर शिकले, तेवढं याला पुरतं. माधुरीला दावलेलं न्हाई.

भागिरथी


पुणे,
१५ फेब्रुवारी १९९९

आजी,

सविनय जयभीम. तुझं पत्र वाचून आधी हसलो आणि मग घाबरलो.

लुगडं-बिगडं काही नाही. मी कॉम्प्युटरच्या सामानाच्या दुकानात काम करतो हे तुला माहीत आहे. एका गिऱ्हाइकानं नवा मोडेम घेतला आणि जुना आमच्याकडेच सोडून गेला. पडून होता, चांगला चालतो, म्हणून पाठवला. मोडेम म्हणजे काय ते सांगतो. कॉम्प्युटरला आकडे कळतात, फोनला आवाज कळतो. मोडेम आकड्यांचा आवाज करून तारेत सोडतो आणि तिकडून आलेल्या आवाजाचे परत आकडे करतो. एवढंच. त्याला ना जात ना सोयरीक.

तू विचारलंस, माझाच का. ऐक. गोरक्षकडे मोडेम भाड्यानं मिळेल, पण त्याच्याबरोबर इंटरनेटचं खातंही तो त्याचंच देईल. खातं त्याच्या नावावर, ईमेलचा पत्ता त्याच्या नावाचा, आणि ते उघडायचा पासवर्ड त्याला पाठ. माधुरीला कंपनीकडून जे येईल ते त्याला आधी वाचता येईल. तिच्या नावानं त्याला लिहिताही येईल. तो तसं करेलच असं मी म्हणत नाही. पण आपल्या घरचं टपाल दुसऱ्याच्या घरी का पडू द्यायचं?

म्हणून सांगतो, पेटी उघड आणि तो माधुरीला दे. खातं तिच्या नावावर काढायचं मी बघतो.

एक विनंती आहे. मी मोडेम पाठवलाय हे आईला कळवू नकोस.

तुझा,
पंकज


देवळाली प्रवरा,
२८ फेब्रुवारी १९९९

पंकज,

पत्र पोचलं. आवाज आन आकडे समजलं. शेवटची ओळ त्याहून जास्त समजली.

आईला कळवू नको म्हनतोस. जिनिस चांगली, मन साफ, मग आईपासून लपवायचं काय? मी लई विचार केला. दोनच गोष्टी असू शकत्यात. एक, आईच्या आधी तूच पोरीचं मन बघाया निघालास. दोन, तो मोडेम दुकानातनं न इचारता उचललेला हाय. दोन्हीत मला माझी पेटी अडकवायची न्हाई.

तवा मी माझ्या अकलेनं वाट काढली. गोरक्षचंच मशीन घेतलं, महिन्याच्या भाड्यानं. भाड्याच्या वस्तूला नातं नसतं. भाडं दिलं की तो त्याच्या घरी, आमी आमच्या. म्हातारी आडानी हाय, पन कुनाच्या उपकारात जायचं आन कुनाच्या न्हाई, एवढं कळतं.

मशीन बसवाया आला तवा गोरक्ष चांगला बोलला.

"आजी, आता माधुरीताईला दुकानात यायची गरजच न्हाई. घरबसल्या राज्य."

"आन तुझं काय?"

"माझं काय? तुमच्या आशीर्वादानं चाललंय."

"आशीर्वाद मी देत न्हाई. भाडं देनार हाय."

हसला. सोन्यावानी दात बसवलाय त्यानं एक. पासवर्ड का काय ते त्यानंच घातलं. माधुरीनं इचारलं तर म्हनला, "ते तुमी कशाला ध्यानात ठेवता, मशीनच्याच ध्यानात राहतंय."

आता घरात काय चाललंय ते ऐक. तुला ठावं हाय, फोनच्या लाकडी पेटीला मी कुलूप लावते आन किल्ली माझ्या कमरंला. मला वाटलं, किल्लीशिवाय मशीन बोलनार न्हाई. कुठलं काय! त्यानं भिंतीतनंच तार घेतली. कुलूप फोनला, आन मागनं गप्पा चालू. आधी शिट्टी मारतंय, मग किर्र करतंय, मग घसा खाकरल्यावानी करून गप बसतंय. तेवढा येळ कुनी फोन केला तर लागत न्हाई. सुप्याहून महेंद्रानं केला तर त्याला वाटतंय म्हातारी कुनाशी एवढी बोलती.

गोरक्ष एक दिसाआड येतो. "बघतो नीट चाललंय का." चहा पितो, मशीनकडं बघतो, जातो. मशीनला ताप येतो का काय कोन जाने.

पन पोरगी खुशीत हाय. पार्सल येतं, टायपिंग जातं. तुझा डबा पेटीत सुखरूप हाय. मी जे इचारलं त्याचं उत्तर अजून आलेलं न्हाई.

भागिरथी


पुणे,
९ मार्च १९९९

आजी,

जयभीम. मोडेम चोरीचा नाही. मालकांना विचारून घेतलाय. हवं तर त्यांचं पत्र पाठवतो.

दुसऱ्या गोष्टीबद्दल मी काहीही लिहिलं तरी तू त्यातून तुझाच अर्थ काढशील, म्हणून लिहीत नाही.

फक्त माधुरीला एवढं विचार, कंपनीकडे तिचा म्हणून कोणता पत्ता दिलाय? गोरक्षचाच असेल तर बदलून घे म्हणावं. आणि तो चहाला येतो तेव्हा चहा ओट्यावर दे, मशीनजवळ नको.

पंकज


देवळाली प्रवरा,
४ एप्रिल १९९९

पंकज,

गेला पंधरवडा माधुरीला काम न्हाई. पार्सलच आलं न्हाई. आधी वाटलं एस.टी.त राहिलं. पोरगी स्टँडवर खेटे घालून दमली. मशीनवर कंपनीला चार येळा लिवलं, त्याचं उत्तर न्हाई. म्हंजी काम तुटलं.

आता मी काय समजायचं? कंपनी तुझ्या मैतराची. काम तू लावलेलं. तुझं खोकं मी ठेवून घेतलं न्हाई आन काम बंद पडलं. मी आडानी असले तरी दोन गोष्टी एकीपुढं एक ठेवता येत्यात मला. पोरीवर राग न्हाई तुझा, माझ्यावर हाय, तर मला बोलायचं हुतं. तिच्या पोटावर कशाला पाय दिलास?

त्यात तुझ्या आईचं पत्र आलंय. लिवती, "पोरगी रिकामीच बसली असंल तर आता बोलनी करून टाकू." रिकामी बसली हे पुन्याला बसून तिला कसं कळलं? माधुरी सांगती, आबांनीच, म्हंजी महेंद्रानंच, आत्याला फोन केला असंल. मला ते पटत न्हाई. मला तुमी मायलेक एका ताटात जेवताना दिसताय.

महेंद्र सांगून गेलाय. चौदा एप्रिलला जयंतीला हितं येनार, आन मिरवनूक झाली की पोरीला घेऊन सुप्याला जानार. कॉम्प्युटर इकून टाकू म्हनतो. कॉम्प्युटरवर माधुरीनं चादर टाकून ठेवलीया, मानूस गेल्यावर टाकत्यात तशी. मी ती काढली, तिनं परत टाकली.

गोरक्षला बोलवून इचारलं. मशीन उघडून बघितलं त्यानं. म्हनला, "मशीन झ्याक हाय, आजी. पुन्याकडनंच काय तरी झालंय. तुमच्या वळखीचं कोन हाय ना तिकडं?" म्हंजी त्याला बी तेच वाटतंय.

जयंतीच्या आत काम चालू करून दे. मग तुला काय पायजे ते तोंडानं माग. न्हाई म्हनायचं असंल तर मी तोंडावर न्हाई म्हनंन.

भागिरथी


पुणे,
८ एप्रिल १९९९

आजी,

पत्र काल मिळालं. आज रजा टाकून कंपनीत गेलो.

काम बंद झालेलंच नाही. मित्र म्हणाला, "देवळालीचं काम तर वाढलंय उलट!" मार्चमध्ये माधुरीच्या ईमेलवरून त्यांना कळवलं गेलं की आता जास्त काम करता येईल, सोबत दोन मुली ठेवल्यात, तेव्हा पार्सल घरी न पाठवता दुकानाच्या पत्त्यावर पाठवा. खाली नाव माधुरीचं. दुकान गोरक्षचं. कंपनीनं तसंच केलं. पैसेही आता तिकडेच जाणार आहेत. माधुरीनं नंतर लिहिलेलं पोचलं, आणि पार्सल दुकानात पाठवलंय असं उत्तरही कंपनीनं दिलं. ते उत्तर तिच्या आधी दुसऱ्या कुणीतरी वाचून पुसून टाकलं. मी मित्राला सगळं सांगितलंय. माधुरीनं स्वतः त्यांच्या साहेबांशी फोनवर बोलावं. नंबर मागे लिहिलाय.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. तू तीन वेळा विचारलंस.

माझ्या मनात माधुरी नाही. आमच्या दुकानात हिशेब बघणारी एक मुलगी आहे, तिच्याशी लग्न करायचं मी ठरवलंय. आपल्या समाजातली नाही. आईला अजून सांगितलेलं नाही. आईनं माधुरीचं मनात धरलंय, हे मला दिवाळीच्या आधीपासून माहीत होतं. मला वाटलं, माधुरीचं काम घरातून नीट चालू लागलं की ती स्वतःच मामांना म्हणेल, आता लग्न नको. आईचा बेत आपोआप मागे पडेल, आणि मला काही बोलावंच लागणार नाही. म्हणून काम लावून दिलं. म्हणून मोडेम पाठवला. आणि म्हणून आईला कळवू नको म्हटलं.

हे वाचून तू काय म्हणशील ते मला माहीत आहे. म्हण.

पंकज


देवळाली प्रवरा,
२५ एप्रिल १९९९

पंकज,

जयभीम. म्हनते.

काम तोडल्याचा आळ मी तुझ्यावर घातला हुता, तो काढून घेते. लबाडीचा घातला हुता, तो ठेवते. मला वाटलं हुतं तू पोरीच्या मागं लागलास. तू तर तिच्या मागं लपलास. मागं लागनाऱ्याला मी वळखते, असले लई बघितले. हा नवीन परकार हाय.

आता हितलं ऐक.

तुझं पत्र वाचलं आन आधी माधुरीला वाचू दिलं. सगळं. शेवटचं बी. तुला लाज वाटायची तर वाटू दे. ती वाचून खाली बसली आन हसायला लागली. मला वाटलं डोक्यावर परिनाम झाला. म्हनली, "आजी, मी त्या पंकजला न्हाई म्हनायचं कसं, म्हनून महिनाभर झोपले न्हाई!" मग डोळं पुसून म्हनली, "गोरक्षचं काय करायचं?"

मी त्याचं मशीन पिशवीत घातलं आन त्याच्या दुकानात गेले. मधल्या खुर्चीवर बसले. गिऱ्हाइकं हुती, असू दिली.

"आजी, तुमी कशाला तरास घेतला? मी आलो असतो की."

"तू येतोसच. म्हनून मी आले. माधुरीच्या नावानं कंपनीला कुनी लिवलं?"

"कसली कंपनी? तुमाला त्यातलं कळायचं न्हाई, आजी."

"कळत न्हाई म्हनून तर तुला इचारते. कळत असतं तर पोलिसाला इचारलं असतं."

तेवढ्यात पडद्यामागनं एका पोरीनं मुंडकं काढलं. हातात छापील कागद. म्हनली, "आजी, हे माधुरीताईचंच काम ना? दादा म्हनले, तिला झेपत न्हाई म्हनून तिनंच आमाला दिलंय." पोरगी बिचारी भोळी. गोरक्ष तिच्यावर डोळं वटारतो तवर बोलून मोकळी झाली.

मग तो शूर झाला. म्हनला, "माझं मशीन, माझं खातं, माझ्या पत्त्यावर आलेलं काम. धंदा हाय. मी काय चोरी केली?"

मी म्हनलं, "मशीन तुझं, खातं तुझं. पन खाली नाव कुनाचं लिवलंस? ते बी तुझंच का?"

तो गिऱ्हाइकांकडं बघाया लागला. मी मशीन त्याच्या टेबलावर ठेवलं, माधुरीचे कागद मोजून पिशवीत घातले आन उठले. तू पिलेल्या चहाचे पैसे मी धरत न्हाई, एवढं सांगितलं. ते दुकानात सगळ्यांनी ऐकलं.

घरी येऊन फोनचं कुलूप काढलं. माधुरी कंपनीच्या साहेबाशी बोलली. मी शेजारी बसले हुते. गयावया केली न्हाई तिनं. साहेब म्हनला, तुमचं काम नीट असतं, पन आता भरवसा कुनाच्या पत्त्यावर ठेवायचा? तुमच्या सोताच्या नावाच्या खात्यावरनं फाईल येऊ द्या, मग पार्सल तुमच्या घरी.

मी पेटीवरच्या गोधड्या काढल्या. म्हनलं घे, आता ह्याचं लुगडं हुत न्हाई. तर ती म्हनली, "नको. गोरक्षच्या डब्यात गोरक्षचं काम हुतं, ह्या डब्यात पंकजचं हाय. मला माझा पायजे."

तोंडात मारल्यावानी झालं मला. महिना दोन महिने मी कुनाचा डबा चांगला आन कुनाचा वाईट हेच करत बसले, पोरीला एकदा इचारलं न्हाई.

जयंतीला महेंद्र आला. सगळं ऐकून भडकला. "म्हनून मी वरडत हुतो, दुकान नको!"

मी म्हनलं, "दुकानात न्हाई फसली. घरात बसून फसली, माझ्या डोळ्यापुढं. आन मशीन मी आनलं. आता मला ने सुप्याला आन माझी सोयरीक बघ."

माधुरी म्हनली, "आबा, मी नगरला जाऊन मोडेम इकत घेनार हाय. कामाचे माझे पैसे साठलेत. खातं माझ्या नावावर काढनार. तुमी संगं चला, म्हंजी तुमाला बी कळंल काय घेतलं ते."

तो मिरवनुकीला गेला. निळा फेटा बांधून रात्री परत आला. सकाळी सुप्याची बॅग न भरता अंघोळ करून दारात उभा राहिला आन म्हनला, "गाडी कितीची हाय नगरची?" दोघं गेली. दुकानदारानं पावतीवर महेंद्राचं नाव घातलं, तर ह्यानंच खोडाया लावलं म्हनं. "तिचं घाला. पैसे तिनं दिले." हे माधुरीनं सांगितलं, तो सांगनार न्हाई.

नव्या मशीनचा आवाज बी तसाच घानेरडा हाय. पन पासवर्ड घालताना पोरीनं मला सुद्दा तोंड फिरवाया लावलं. मी फिरवलं. फाईल गेली, आठवड्यानं पार्सल आलं, माझ्याच हातात दिलं डायवरनं. महेंद्र सुप्याला एकटा गेला. जाताना म्हनला, बघू. तो बघू म्हनला की वरीसभर तरी बघतो.

तुझं खोकं आसारामबरोबर परत पाठवतेय. उघडलेलं न्हाई. तुझं नाव वरडू नको म्हनून त्याला बजावलंय.

आता राहिली तुझी आई. तिचं आनखी एक पत्र आलं. "मेच्या पैल्या ऐतवारी बोलनी कराया येऊ का?" मी लिवलं, ये. तू बी ये. मी चहा करीन, पोहे करीन. बोलायचं ते तू बोलायचं, तुझ्या आईपुढं, माझ्या ओट्यावर. मी मधी तोंड घालनार न्हाई, माधुरी बी घालनार न्हाई.

आन आला न्हाईस, तर मी तुझ्या आईला हो म्हनून टाकीन, साखरपुड्याची तारीख बी धरीन. माधुरीला इचारलंय ह्या येळी. ती म्हनती, चालंल आजी, बिनधास्त धरा.

भागिरथी